अक्कल लिहिलेला झेंडा

कापडावर अरबी वळणाच्या अक्षरांत एकच शब्द शिवलेला आहे: ‘अकल’. इंडोनेशियाच्या भाषेत अकल म्हणजे बुद्धी, विचार करायची ताकद. अरबीतला हा शब्द फारसीच्या खांद्यावर बसून आपल्याकडे आला आणि अक्कल झाला; तिकडे तो व्यापाऱ्यांच्या गलबतांतून पोचला आणि अकल राहिला. आपण तो मुख्यतः दुसऱ्याची काढायला वापरतो. ‘अक्कल गहाण ठेवलीस का?’ हे न ऐकता मोठं झालेलं मराठी मूल सापडणं अवघड. जावा बेटावरच्या बंतुल जिल्ह्यातल्या एका मदरशाने मात्र हा शब्द झेंड्यावर घेतला.

२७ मे २००६ च्या पहाटे योग्यकार्ताच्या परिसरात भूकंप झाला. साडेपाच हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक बंतुलची. तिथे अमुमार्ता नावाचं एक पसांत्रेन आहे. पसांत्रेन म्हणजे निवासी मदरसा. तिथे राहून शिकणाऱ्यांना ‘सांत्री’ म्हणतात आणि काही अभ्यासक या शब्दाचं नातं थेट आपल्या ‘शास्त्री’शी लावतात. भूकंपानंतर अराहमायानी नावाच्या एक कलाकार या पसांत्रेनमधल्या लोकांबरोबर काम करू लागल्या. कोसळलेलं सावरता सावरता तिथे एक बोलणंही सुरू झालं, की आपल्याला आज कोणता शब्द लागतो? एका झेंड्यावर एक शब्द, मोठ्या अक्षरांत, भडक रंगात. हा उपक्रम पुढे जर्मनीत, चीनमध्ये, तिबेटच्या पठारापर्यंत गेला. जागा बदलली की शब्द बदले, लिपीही बदले.

याच बाईंना भूकंपाच्या बारा वर्षं आधी, १९९४ मध्ये, जकार्ता सोडून जावं लागलं होतं. आरोप होता इस्लामच्या अपमानाचा. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्या ऑस्ट्रेलियात पर्थला निघून गेल्या.

या दोन प्रसंगांमधल्या अंतराबद्दल मला लिहायचं आहे. भावना दुखावल्या की आपण लगेच कायद्याचं पुस्तक उघडतो. कलम कोणतं, मर्यादा कुठली, घटनेने काय दिलं आणि काय राखून ठेवलं. कायदा लागतोच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यांच्या भावना दुखावतात त्यांची आणि जिच्यामुळे दुखावतात तिची बहुतेक वेळा आयुष्यात एकदाही गाठ पडलेली नसते. ही गोष्ट कुठल्याच कलमात बसत नाही, आणि मला वाटतं, खरी गोम तिथेच आहे.

आधी १९९४ मध्ये नेमकं काय झालं ते पाहू. कारण ‘वादग्रस्त कलाकृती’ असं छापून आलं की ती कलाकृती कशी होती हे सांगायची जबाबदारी संपली, असं आपल्याकडचे बातमीदार समजतात आणि जगभरातलेही.

जकार्तातल्या स्टुडिओ ओंकोरमध्ये अराहमायानींचं प्रदर्शन होतं. नाव ‘सेक्स, रिलिजन अँड कोका-कोला’. त्यातल्या दोन कलाकृतींवरून गदारोळ झाला. पहिली ‘एतालासे’. हा शब्द डचांनी मागे ठेवलेला. अर्थ दुकानाची दर्शनी काच, जिच्यात माल मांडून ठेवतात. कपाट काचेचं. आत बुद्धाची मूर्ती, कुराणाची प्रत, कोका-कोलाची बाटली, कंडोमचं पाकीट, एक लहान ढोल, वाळूची पेटी आणि चिनी घरांच्या दारावर वाईट शक्ती परतवायला लावतात तसला अष्टकोनी आरसा. धर्मरक्षकांना यातल्या दोनच वस्तू दिसल्या आणि त्या शेजारी-शेजारी दिसल्या.

आता जरा थांबून या कपाटाकडे बघा. नावातच सांगितलं आहे की हे दुकान आहे. बाजाराच्या काचेमागे गेलं की देव, ग्रंथ, शरीर, पेय सगळं सारख्याच किमतीच्या पट्टीवर येतं, अशी ही तक्रार आहे. खरं तर ही तक्रार एखाद्या मौलवीने शुक्रवारच्या प्रवचनात केली असती तर माना डोलल्या असत्या. लष्करशहा सुहार्तोंच्या राज्यात जकार्ता मॉल आणि बँकांनी फुगत चाललेलं शहर होतं. पवित्र म्हणावं ते सगळं तिथे विक्रीला निघालं आहे, असं एक धार्मिक घरातली मुलगी म्हणत होती. तिच्या कपाटाला धर्मद्रोह म्हणणाऱ्यांनी बाजाराला सोडलं आणि आरसा दाखवणारीला धरलं.

दुसरी कलाकृती ‘लिंग-योनी’ नावाचं चित्र. त्यात अरबी धाटणीची जावी अक्षरं आहेत आणि प्राचीन पल्लव लिपीतलीही. हे तर इतकं तिथल्या मातीतलं आहे की आक्षेपाचंच नवल वाटावं. पश्चिम जावात बोगोरजवळ पाचव्या शतकातल्या पूर्णवर्मन राजाचा शिलालेख आहे, पल्लव लिपीत आणि संस्कृतमध्ये. त्यावर राजाची पावलं कोरली आहेत आणि ती विष्णूच्या पावलांसारखी आहेत असं म्हटलं आहे. मध्य जावातल्या सुकुह मंदिराच्या प्रवेशद्वारात जमिनीवरच लिंग-योनी कोरलेली आहे. इतकं लांब तरी कशाला जा? जकार्ताच्या ऐन मध्यावर १३२ मीटर उंचीचा राष्ट्रीय स्मारकस्तंभ उभा आहे, ‘मोनास’. खाली वाडग्यासारखा चौथरा, त्यातून वर जाणारा स्तंभ. ही रचना लिंग आणि योनीची आहे हे तिथे अधिकृतपणे सांगितलं जातं. कोणी उखळ-मुसळ म्हणतं, पण तेही त्याच वळणावर जातं. शहराच्या छातीवर एवढं मोठं लिंग उभं असताना एका कॅनव्हासवरच्या लिंगाने धर्म बुडतो, याला काय म्हणावं?

माझं उत्तर सरळ आहे. मोनास राष्ट्राध्यक्षाने बांधला, चित्र एका बाईने काढलं.

हे कळायला इंडोनेशियाचा थोडा मागचा इतिहास लागतो. ३० सप्टेंबर १९६५ च्या रात्री काही सेनाधिकाऱ्यांची हत्या झाली. ठपका कम्युनिस्ट पक्षावर आला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मारली गेली. अंदाज पाच लाखांपासून पुढे जातात. या कत्तलीला लोकांची संमती कशी मिळवली? लष्कराच्या ताब्यातल्या वर्तमानपत्रांनी एक कहाणी पसरवली, की गेर्वानी या डाव्या महिला संघटनेच्या बायका त्या रात्री नग्न नाचल्या आणि त्यांनी सेनापतींच्या देहांची विटंबना केली. प्रेतांच्या तपासणीत विटंबनेचा मागमूस नव्हता. तो अहवाल दडला, कहाणी राहिली. स्मारकाच्या दगडी शिल्पांत नाचणाऱ्या त्या बायका कोरल्या गेल्या आणि शाळेच्या सहली तिथे जाऊ लागल्या. सुहार्तोंची ‘नवी व्यवस्था’ बत्तीस वर्षं टिकली. तिच्या पायात एक खोटा नाच पुरलेला होता. चारचौघांत आपल्या मर्जीने हलणारं बाईचं शरीर म्हणजे अराजक, हे तिथल्या दोन पिढ्यांनी पाठ्यपुस्तकासारखं शिकलं.

डाव्या कलाकारांची लेक्रा ही संघटना बंद झाली, कित्येक जण तुरुंगात गेले. हेंद्रा गुनावान हे मोठे चित्रकार. ते बांडुंगच्या तुरुंगात तेरा वर्षं होते, १९७८ मध्ये सुटले. अराहमायानींचा जन्म याच बांडुंगचा, १९६१ चा. म्हणजे त्या शाळेत जात होत्या त्या जवळजवळ सगळ्या वर्षांत त्यांच्या शहरात एक चित्रकार गजाआड चित्रं काढत होता.

वडील इस्लामचे अभ्यासक. आईकडची परंपरा जावातली, हिंदू-बौद्ध संस्कारांत मुरलेली. नावसुद्धा म्हणे आईवडिलांनी केलेली तडजोड. पहिला भाग अरबी, ‘प्रेमळ’ अशा अर्थाचा, आणि शेवटचा भाग हिंदीतून, ‘माणूस’ या अर्थाने, असं त्या स्वतः सांगतात. हिंदीच्या कोशात तो अर्थ मला काही सापडला नाही. पण मुलीच्या नावात दोन घराणी मावावीत म्हणून कोणी व्याकरण वाकवलं असेल, तर त्याला चूक कशाला म्हणा?

बांडुंगच्या तंत्रज्ञान संस्थेत त्या कला शिकायला गेल्या. १९७८ मध्ये विद्यार्थ्यांनी सुहार्तोंच्या पुन्हा निवडून येण्याला विरोध केला होता, तेव्हा सैन्य याच संस्थेच्या आवारात शिरलं होतं आणि मग ‘आवाराचं सामान्यीकरण’ या गोंडस नावाखाली देशभरातलं विद्यार्थ्यांचं राजकारण बंद पाडण्यात आलं. अशा चिडीचूप काळात ही विद्यार्थिनी मित्रमैत्रिणींबरोबर अंगाला वर्तमानपत्रं गुंडाळून गावात फिरली. १९८३ च्या स्वातंत्र्यदिनी तिने रस्त्यावर खडूने रणगाडे आणि शस्त्रं काढली. लष्कराने तिला पकडलं आणि संस्थेतलं शिक्षण तुटलं. पुढे सिडनीला शिकणं झालं, नंतर नेदरलँड्समध्ये एन्स्खेडेला.

परफॉर्मन्स आर्ट, म्हणजे कलाकाराचं शरीर आणि कृती हीच कलाकृती, हा शब्द ऐकला की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया होतात. एक, ‘हे काय, कोणीही करेल’. दुसरी, ‘पाश्चात्त्यांचं खूळ’. न्यूयॉर्कच्या दालनांत त्यातलं काही खूळ असेलही. पण जिथे सभेला, नाटकाला, कवितावाचनालासुद्धा पोलिसांचा परवाना लागत होता, तिथे या प्रकाराला वेगळाच अर्थ येतो. कवी रेंद्रा यांना १९७८ मध्ये जकार्तातल्या कवितावाचनानंतर अटक झाली होती. चित्र जप्त करता येतं, पुस्तक बंद करता येतं, नाटकाची संहिता आधी मागवता येते. खडूची रेघ आणि रस्त्यावरून चालणारं शरीर यांची संहिता कुणाकडे मागणार? पकडायचं तर माणसालाच पकडावं लागतं, आणि तसं त्यांनी पकडलं. जे सहज पुसलं जातं त्याला शासन इतकं का घाबरलं, या प्रश्नाचं उत्तर खडूत शोधून मिळत नाही.

सुहार्तो गेल्यावर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. २१ मे १९९८ ला त्यांनी राजीनामा दिला. त्याआधीच्या आठवड्यात जकार्तात दंगली उसळल्या, चिनी वंशाच्या लोकांची दुकानं जळाली, बायकांवर सामूहिक बलात्कार झाले. त्यानंतरच्या सत्तांतराच्या धामधुमीत, १९९९ मध्ये, अराहमायानींनी ‘दायांग सुंबी’ या लोककथेला हात घातला. सुंदा प्रदेशातली ही कथा बांडुंगच्या पोराटोरांना पाठ असते. दायांग सुंबी हातमागावर विणत बसलेली असते. अनेक वर्षांपूर्वी दुरावलेला मुलगा परततो, आईला न ओळखता तिच्याच प्रेमात पडतो आणि लग्नाचा हट्ट धरतो. एका रात्रीत धरण आणि होडी बांध, अशी अशक्य अट ती घालते. तो ते जवळजवळ पुरं करत आणतो तेव्हा ती खोटी पहाट उगवल्याचा भास निर्माण करते. चिडून त्याने लाथाडलेली उलटी होडी म्हणजे बांडुंगजवळचा तांकुबान पराहू हा ज्वालामुखी. अराहमायानींनी दायांग सुंबीला नव्याने उभं केलं आणि प्रेक्षकांना आपल्या अंगावर लिहायला बोलावलं. बाईच्या शरीरावर इतिहास सगळे लिहीतच आले आहेत, मग या पुढे आणि समोर उभं राहून लिहा. हातात पेन घेतलेल्या प्रेक्षकाला तिच्या डोळ्यांत बघावं लागतं. ‘भावना दुखावल्या’ म्हणणारा जमाव नेमकं हेच टाळतो.

आणि जमावाला तर लोकशाहीत मोकळं रान मिळालं. पूर्वी बंदी वरून येई, आता ती रस्त्यावरून येऊ लागली. २००५ मध्ये जकार्तात सीपी बिएनाले या मोठ्या प्रदर्शनात एडनच्या बागेची आठवण देणारं एक छायाचित्रांचं मांडणशिल्प होतं. इस्लामिक डिफेंडर्स फ्रंट या संघटनेने त्याविरुद्ध निदर्शनं केली, काम झाकलं गेलं आणि आयोजकांनी पुढे हे प्रदर्शन भरवणंच थांबवलं. २००८ मध्ये अश्लीलताविरोधी कायदा आला. धर्मनिंदेचं कलम तर पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या १९६५ च्या आदेशातून आलेलं, ते जागच्या जागी राहिलं. आपल्याकडच्या दंडसंहितेतल्या, धार्मिक भावना दुखावण्याबद्दलच्या २९५-अ कलमाची (२०२४ पासून न्याय संहितेतलं कलम २९९) पाळंमुळं १९२७ ची, इंग्रजी राजवटीतली. दोन्ही देशांत राज्यकर्ते बदलले, झेंडे बदलले, पण हत्यारं जपून ठेवली गेली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. लोक म्हणतात, असल्या कलाकारांना प्रसिद्धीच हवी असते. कुराणाशेजारी कंडोम ठेवताना काय होणार हे त्यांना कळत नाही का? कळतं. अराहमायानींनाही कळत असणार, वडिलांच्या घरात त्यांना ते नक्कीच शिकायला मिळालं असेल. पण प्रसिद्धीच हवी होती असं धरलं तर पुढच्या तीस वर्षांचा हिशेब लागत नाही. धमकी मिळालेल्या कलाकाराला पश्चिमेत बरी किंमत येते. निर्वासित, बंडखोर, मुस्लिम आणि वर बाई; युरोपातल्या दालनांना याहून सोयीचं काय असतं? त्या तिथे स्थिरावू शकल्या असत्या. जर्मनीत पासाऊ विद्यापीठात त्या अनेक वर्षं शिकवतही आल्या. पण ज्या धर्माच्या नावाने त्यांना धमकावलं गेलं, त्याच धर्माच्या शाळेत जाऊन त्या बसल्या.

पश्चिमेबद्दल त्यांचा भाबडेपणा उरला नव्हता, हेही खरं. जून २००२ मध्ये अमेरिकेतून पुढे जाताना लॉस एंजेलिसच्या विमानतळावर त्यांना अडवलं गेलं, तास न् तास चौकशी झाली आणि रात्री हॉटेलच्या खोलीत पहाऱ्याला एक पुरुष अधिकारी बसवला गेला. गुन्हा इतकाच, की मुस्लिम देशाचा पासपोर्ट आणि अपुरी कागदपत्रं. पुढच्या वर्षी व्हेनिस बिएनालेमध्ये त्यांनी ती खोलीच मांडली, शीर्षक नुसती तारीख: ११ जून २००२. जकार्तातल्या कडव्यांना त्या पुरेशा मुसलमान वाटल्या नाहीत आणि लॉस एंजेलिसच्या अधिकाऱ्यांना जरा जास्तच मुसलमान वाटल्या. दोघांनीही त्यांना काही विचारलं होतं असं दिसत नाही.

म्हणून त्यानंतरच्या कामात अरबी अक्षरं पुन्हा-पुन्हा येतात. २००६ मध्ये बँकॉकला त्यांनी बान क्रुआ वस्तीतल्या चाम मुस्लिमांबरोबर काम केलं. ही रेशीम विणणाऱ्यांची जुनी वस्ती. जगभर गेलेलं थाई रेशीम विसाव्या शतकाच्या मध्यात या लोकांच्या मागांवर विणलं गेलं. तिथे अराहमायानींनी रेशमी कापडाची, आत भराव घातलेली, उशीसारखी मऊ अरबी अक्षरं शिवून घेतली. ११ सप्टेंबरनंतरच्या जगात ही लिपी विमानात शेजारच्याने वहीत लिहिताना दिसली तरी प्रवासी घाबरत होते. तीच इथे गोधडीसारखी जवळ घ्यावी अशी झाली. या कामाचं नाव ‘जखम शिवताना’ अशा अर्थाचं आहे. जरा भावुक आहे हे मी मान्य करते, पण अक्षरांत शिरून झोपावंसं वाटणं ही काही सोपी कामगिरी नाही.

दुसरा आक्षेप माझा स्वतःचाच आहे. झेंड्यांवरचे शब्द कुणालाच बोचत नाहीत. बुद्धी, धैर्य, प्रेम यांच्या विरोधात कोण उभं राहील? एतालासेच्या कपाटात दात होते. झेंडे सुंदर फडफडतात आणि फोटोत छान दिसतात, पण ते एकही अप्रिय गोष्ट बोलत नाहीत. कलाकृती म्हणून मला आजही ते काचेचं कपाटच वरचढ वाटतं. एखादा म्हणेल, बाई दमल्या, नमल्या, मदरशाच्या दारात जाऊन माफी मागून आल्या.

मी इतकं म्हणणार नाही, आणि त्याचं कारण ‘अकल’ या शब्दातच आहे. भूकंपानंतर धर्मशाळेला कोणता शब्द सुचायला हवा होता? श्रद्धा, सबुरी, देवाची मर्जी. असे शब्द तयार होते, छापील होते. तिथे बुद्धी निवडली जाणं ही साधी गोष्ट नाही. विवेक की आज्ञा, या वादात इस्लामी विचारवंतांची शतकं गेली आहेत; त्यात एका गावच्या पसांत्रेनने आपली बाजू कापडावर शिवून टाकली. आणि ती बाहेरून आलेल्या बंडखोर बाईने भिंतीवर रंगवली नाही, हे महत्त्वाचं. तिने भिंतीवर रंगवली असती तर दुसऱ्या दिवशी दगड आले असते. बोलीतली एक गंमतही आहे: इंडोनेशियन भाषेत अकल म्हणजे क्लृप्ती, युक्तीसुद्धा. थेट भांडणाने जे होत नाही ते अकलेने करावं, असं कोणी मनात म्हटलं असेल तर शब्दकोश त्यांच्या बाजूने आहे.

मात्र समूहाचीही आरती ओवाळू नये. इंडोनेशियन कलेत सामूहिक कामाचा आज फार गौरव होतो; २०२२ मध्ये जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा या प्रदर्शनाची धुरा रुआंगरुपा या जकार्ताच्या गटाकडे होती. तिथे तारिंग पादी या योग्यकार्ताच्या गटाचं वीस वर्षांपूर्वीचं मोठं कापडी चित्र लागलं. सुहार्तोंच्या राजवटीवरचं ते आरोपपत्र होतं, पण त्यातल्या दोन आकृत्या उघडउघड ज्यूद्वेषी होत्या. आधी चित्र झाकलं, मग उतरवलं. गटाने माफी मागितली. अनेक हात लागले म्हणून काम निर्दोष होत नाही. कदाचित अनेक हात असले की शेवटचा डोळा कुणाचा, हेच हरवतं. अराहमायानींच्या पद्धतीत जोखीम आहे ती हीच. ज्या गावात गेलात त्या गावाला वेगळाच शब्द हवा असेल, द्वेषाचा शब्द हवा असेल, तर? झेंडा तर शब्द ओळखत नाही. वारा आला की फडफडतो.

२०१० पासून त्या तिबेटच्या पठारावर, खाम प्रदेशात जात आल्या आहेत. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये छिंघाय प्रांतातल्या युशूला मोठा भूकंप झाला होता. यांग्त्से, मेकाँग आणि पीत नदी याच उंचीवरून निघतात. तिथल्या मठातल्या भिक्षूंबरोबर आणि गावकऱ्यांबरोबर त्यांनी केलेल्या कामांची यादी कलेच्या पुस्तकात शोभणारी नाही: प्लास्टिकचा कचरा गोळा करणं, झाडं लावणं, पाण्याची व्यवस्था, याक पाळणाऱ्यांसाठी तजवीज. इंडोनेशिया आणि तिबेट यांना जोडणारा धागा मात्र हजार वर्षांपूर्वीचा आहे. बंगालचे आचार्य अतीश समुद्र ओलांडून सुवर्णद्वीपाला, म्हणजे सुमात्राला गेले, धर्मकीर्ती नावाच्या गुरूंपाशी बारा वर्षं शिकले आणि नंतर १०४२ च्या सुमारास तिबेटला गेले. मुस्लिम घरातली एक जावानीज बाई त्याच वाटेने जाऊन कचरा वेचते, याला कला म्हणायचं की नाही यावर क्युरेटर मंडळींनी खुशाल परिसंवाद घ्यावेत. मला त्यात वाद घालण्याजोगं काही दिसत नाही. नावाने काम बदलत नाही.

आता कायद्याकडे परत येते. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्यावरचे अश्लीलतेचे खटले दिल्ली उच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये रद्द केले. निकाल सुरेख आहे, आजही वाचावा असा. पण हुसेन २००६ पासून देशाबाहेर होते, निकालानंतरही परतले नाहीत, आणि २०११ च्या जूनमध्ये लंडनला वारले. कोर्टाने त्यांना निर्दोष ठरवलं आणि घरी कोणी नेलं नाही. कलाकाराला संरक्षण देणं हे शासनाचं कर्तव्य आहे, त्यात कसूर करणाऱ्याला ‘आधी समाजात मिसळा’ असा सल्ला देण्याचा अधिकार नाही. पण मित्र म्हणवणाऱ्या आपल्यासारख्यांनी स्वतःला विचारायला हरकत नाही, की निषेधाच्या पत्रकावर सही करण्यापलीकडे आपण त्या चित्राबद्दल कोणाशी बोललो का? शेजारच्या घरी? शाखेत जाणाऱ्या चुलतभावाशी, मशिदीत जाणाऱ्या सहकाऱ्याशी? अराहमायानींनी केलं ते इतकंच, फक्त त्यांच्या बाबतीत त्यात जिवाचा धोका होता.

पाहिल्याशिवाय दुखावलं जाण्याचा धंदा आता मोबाइलने फार सोपा केला आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जकार्ताचे गव्हर्नर बासुकी चाहाया पुर्नामा, लोक त्यांना अहोक म्हणतात, एका भाषणात कुराणातल्या आयतीचा वापर करून मतदारांना फसवणाऱ्यांबद्दल बोलले. अहोक ख्रिस्ती आणि चिनी वंशाचे. भाषणाची कापलेली चित्रफीत, सोबत लिहिलेल्या मजकुरात ‘वापरून’ या अर्थाचा एक शब्द गाळून, समाजमाध्यमांवर फिरवली गेली, आणि मूळ वाक्याचा अर्थ फिरला. लाखोंचे मोर्चे निघाले. फीत पसरवणाऱ्यालाही पुढे शिक्षा झाली, पण तोवर मे २०१७ मध्ये गव्हर्नरला दोन वर्षांची कैद होऊन गेली होती, त्याच १९६५ च्या कलमाखाली.

नोव्हेंबर २०१८ मध्ये जकार्तातल्या माकान या संग्रहालयात अराहमायानींचं मोठं प्रदर्शन भरलं. ज्या शहरातून चोवीस वर्षांपूर्वी त्यांना निघावं लागलं, त्याच शहरात आता लोक त्यांचं काम पाहायला येत होते. प्रदर्शनाचं नाव होतं ‘मासा लालू बलुमलाह बर्लालू’, भूतकाळ अजून सरलेला नाही. उद्घाटन झालं त्या दिवशी अहोक कैदेतच होते; त्यांची सुटका व्हायला जानेवारी उजाडला.